शब्दाचं गाव

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला भेटायची. पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० सालात. त्याआधी चौथीपर्यंत आम्ही तिचं नुसतं नाव ऐकून होतो, मुंबईला असलेल्या आणि कधीच गावी न येणाऱ्या चुलत्यासारखं. पाचवीला सरांनी फळ्यावर ए, बी, सी काढली आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात ओरडलो. त्या ओरडण्यात आनंद कमी आणि भ्यालेपण जास्त होतं.

आमचा मुलूख माणदेश. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो, चहाला थांबतो आणि जातो. माणगंगा बारा महिन्यांतला बराच काळ नुसती वाळूची असते. त्यामुळं पोरगं मिसरूड फुटायच्या आत बाहेर पडायचं. कुणी मुंबईला माथाडीत, कुणी गलाईच्या कामाला पार परमुलखात. ज्याला यातलं काही नको असेल त्यानं शिकायचं, आणि शिकायचं म्हणजे इंग्रजी पक्की करायची, अशी गावाची समजूत. "विंग्रजी आली की न्हाई?" एवढंच म्हातारी माणसं विचारायची. बाकीच्या विषयांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

मी अकरावीला असताना मला शब्दांचा नाद लागला. माझा मामा पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करायचा. त्यानं दिवाळीला येताना अप्पा बळवंत चौकातून एक जुनं पुस्तक आणलं, नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. मूळ पुस्तक १९४९ सालचं. माझ्या हातातल्या प्रतीला पुठ्ठा नव्हता आणि पहिली काही पानं उंदरानं खाल्लेली. पण त्यातली एक गोष्ट मला जादूसारखी वाटली. मोठा शब्द फोडता येतो. 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट. 'हायड्रो' म्हणजे पाणी. 'अँटी' म्हणजे विरुद्ध. भुईमुगाच्या शेंगेसारखं दाबलं की फुटतंय आणि आत दाणा!

मी दोनशे पानी वही केली. रोज दहा शब्द. डावीकडं इंग्रजी, मधे रेघ, उजवीकडं मराठी. गुरं राखताना, मोटारीचं पाणी धरताना, एस.टी.ची वाट बघताना मी शब्द घोकायचो. मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा. टॅसिटर्न, मितभाषी. गावात मला कुणी 'कसा आहेस' विचारलं तरी मनात त्याचं इंग्रजी व्हायचं. कॉलेजात पोरं मला 'डिक्शनरी' म्हणायला लागली. मी वरवर रागवायचो, आतून फुगायचो. एक वही भरली, दुसरी भरली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा वह्यांत साडेतीन हजारांच्या आसपास शब्द झाले होते.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, चौथी शिकलेले. वाचायला यायचं, लिहायचा कंटाळा. त्यांचा सगळा हिशेब खड्यांवर. कडबा मोजायला बसले की पेंढ्या पाच-पाच करून टाकायच्या, त्याचा एक पाचुंदा. पहिल्याला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... वीस पाचुंदे झाले की शेकडा, आणि शेकड्याला एक खडा कोपरीच्या खिशात. मोजणी संपली की खिसा रिकामा करून खडे मोजायचे. चूक म्हणून कधी झाली नाही. मला मात्र त्याची लाज वाटायची. साडेतीन हजार इंग्रजी शब्दांचा मालक मी, आणि बाप खिशात खडे घेऊन हिंडतोय.

१९९१ सालची गोष्ट. आण्णांच्या पोटात कळा यायला लागल्या. कळ आली की माणूस जमिनीवर गडाबडा लोळायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि साताऱ्याला सोनोग्राफी करून आणा म्हणाले. सोमवारी आम्ही बापलेक पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला गेलो, सोनोग्राफी केली, संध्याकाळी रिपोर्टचं पाकीट घेऊन घरी आलो. डॉक्टर भेटणार होते गुरुवारी. मधे दोन दिवस.

रात्री जेवणं झाली. आई चुलीपुढं भांडी सारवत होती. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "वाच की रं काय लिव्हलंय त्यात. एवढा शिकलायस."

मला तर तेच हवं होतं. मी पाकीट फोडलं, बल्बाखाली कागद धरला. इंग्रजी टाइप केलेलं एक पान. पहिलीच ओळ लिव्हरची. लिव्हर, अनरिमार्केबल. पुढं पॅनक्रियाज, तेही अनरिमार्केबल. हा शब्द माझ्या वहीत नव्हता, खिशातल्या छोट्या डिक्शनरीतही नव्हता. पण मी काय साधा होतो? मी शब्द फोडला. रिमार्केबल म्हणजे उल्लेखनीय, नाव घेण्यासारखं. 'अन' म्हणजे नाही. म्हणजे लिव्हर आता नाव घेण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. माझ्या पोटात खड्डा पडला.

पुढं एक लांबलचक शब्द, हायड्रोनेफ्रोसिस. त्यातला 'हायड्रो' मला ओळखीचा. पाणी. म्हणजे आत पाणी झालंय. आमच्याच गावात एकाच्या पोटात पाणी झालं होतं आणि तो महिन्यात गेला होता. खाली ठळक अक्षरात 'इम्प्रेशन' असं लिहून पुढं 'कॅल्क्युलस'. इम्प्रेशन म्हणजे छाप, ठसा. कॅल्क्युलस म्हणजे गणिताची एक शाखा. सायन्सच्या पोरांना असायची. पोटाच्या रिपोर्टात गणित कसं आलं ते मला कळेना. टाइप करणाऱ्यानं चूक केली असावी, असं म्हणून मी तो शब्द सोडून दिला.

"काय म्हणतंय?" आण्णांनी विचारलं.

मी खाली बघत म्हणालो, "लिव्हर चांगलं नाही. आत पाणी झालंय."

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती लागत्याल पैसं?"

"पुण्याला न्यावं लागेल," मी म्हणालो. हे कागदावर कुठंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्या रात्री आण्णांनी आईला हळू आवाजात सगळं सांगितलेलं मला अंथरुणात ऐकू येत होतं. कुणाचं किती देणं आहे, कुणाकडून किती येणं आहे, सोसायटीचं किती, बांधावरची बाभळ कुणाला बोलून ठेवली आहे. आई नुसतं "हं" म्हणत होती.

मंगळवार बाजाराचा. मी उठलो तेव्हा दावणीला एकच बैल होता. आमची जोडी खिलारची. एक जुळलेला, म्हणजे तोंडात दात भरलेला, आणि एक दुसा खोंड, नुकतेच दोन दात लावलेला. त्या खोंडाला आण्णांनी आदत असल्यापासून वाढवलं होतं. स्वतःची भाकर मोडून त्याला घातलेली मी बघितली आहे. तो खोंड घेऊन ते पहाटेच निघून गेले होते. कळ येत असलेला माणूस सहा मैल चालत गेला.

दुपारी परत आले. बाजारात हेड्यानं रुमालाखाली हात धरला आणि बोटं दाबून भाव केला. गरजवंताचा हात हेड्याला लगेच कळतो. पाच हजारांचं जनावर साडेतीन हजारांना गेलं. पुढं कितीतरी दिवस मी तो हिशेब मनात करत राहिलो. साडेतीन हजार शब्द, साडेतीन हजार रुपये. शब्दामागं एक रुपया पडला.

गुरुवारी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रिपोर्टवर नजर टाकली, अर्धं मिनिटसुद्धा नाही, आणि म्हणाले, "आण्णा, मुतखडा आहे. पाच मिलिमीटरचा, खाली नळीत येऊन थांबलाय. पाणी भरपूर प्या, औषध देतो. बहुतेक आपोआप पडेल."

मी म्हणालो, "आणि लिव्हर?"

"लिव्हरला काय झालंय? उत्तम आहे."

"त्यात अनरिमार्केबल लिहिलंय."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मग हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "अरे, आमच्या भाषेत त्याचा अर्थ सांगण्यासारखं वावगं काही दिसलं नाही असा. म्हणजे नॉर्मल. इम्प्रेशन म्हणजे तपासणीचा निष्कर्ष. आणि कॅल्क्युलस म्हणजे खडा."

"आणि ते पाणी?" आण्णांनी विचारलं.

"तुम्ही दारं धरता ना? चारीत ढेकूळ अडकलं की मागं पाणी तुंबतं, तसं मूत्रपिंडात थोडं तुंबलंय. ढेकूळ निघालं की उतरेल."

आण्णांना ते एका क्षणात कळलं. म्हणाले, "म्हंजे मधीच अडकलंय व्हय." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् लिव्हरबद्दल सांगन्यासारखं काय न्हाई, म्हंजे ब्येस. माझंबी तसंच हाय. गावात माझ्याबद्दल सांगन्यासारखं काय न्हाई." डॉक्टर मोठ्यानं हसले. मला हसता येईना.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. आण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "दारात पावना आला तर आपुन काय करतो? नाव इचारतो, गाव इचारतो, कुनाकडं आलाय त्ये इचारतो. मग आत घेतो. तू नुसतं नाव ऐकलंस आन् घरात घेतलंस."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर ते आयुष्यात बोलले नाहीत. घरी राहिलेला बैल मात्र आठ दिवस रिकाम्या जागेकडं बघून हंबरत होता. त्या साली आम्ही शेजाऱ्याशी पैरा करून पेरणी केली. दुसरा खोंड घेणं पुढं चार वर्षं जमलं नाही.

त्या दोन वह्या मी जाळल्या नाहीत. माळ्यावर टाकल्या आणि तिसरी वही सुरू केली. या वहीत रोज दहा नाही, तीनच शब्द. पण प्रत्येक शब्दापुढं चार रकाने. पहिला रकाना 'गाव', म्हणजे शब्द मूळ कुठून आला. दुसरा 'भावकी', म्हणजे त्याच मुळातून निघालेले बाकीचे शब्द. तिसरा 'संगत', तो कुणाबरोबर हिंडतो. चौथा 'कुणाकडं', म्हणजे कुठल्या धंद्यात, कुठल्या कामात तो काय म्हणून वावरतो.

पहिला शब्द अर्थातच कॅल्क्युलस. कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड डिक्शनरी होती, ती काढली. कॅल्क्युलस हा लॅटिन शब्द. अर्थ लहान खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करायचे, म्हणून खड्यावरून हिशेबाचा शब्द निघाला. कॅल्क्युलेट, कॅल्क्युलेशन, कॅल्क्युलेटर ही सगळी त्या एका खड्याची भावकी. गणितातला कॅल्क्युलस तोच आणि पोटातला कॅल्क्युलसही तोच.

मी ग्रंथालयाच्या बाकड्यावर तसाच बसून राहिलो. आण्णांच्या कोपरीच्या खिशात जे होतं, ज्याची मला लाज वाटायची, तोच हा शब्द होता. मी त्याचं गाव विचारलं असतं तर तो आमच्याच घरचा निघाला असता.

पुढं मी इंग्रजीचाच मास्तर झालो. तीस वर्षं माणदेशातल्या पोरांना इंग्रजी शिकवली. दर वर्षी कुणीतरी पोरगं यायचंच, "सर, हायफाय शब्द सांगा की." स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातली यादी त्याच्या हातात असायची. मला माझी पहिली वही आठवायची. मी त्याला आधी विचारायचो, "गेट या शब्दाचे दहा उपयोग सांग." तिथंच गाडी अडायची.

मायकेल वेस्ट म्हणून एक इंग्रज शिक्षक होता. ढाक्याला त्यानं बरीच वर्षं शिकवलं, आपल्यासारख्याच पोरांना. त्यानं १९५३ साली सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले शंभरातले साधारण ऐंशी शब्द त्या दोन हजारांतलेच असतात. पुढं २००० साली न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी कॉलेजच्या पुस्तकांत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं निवडून काढली. त्यांनीही सुटे शब्द न धरता कुटुंबं धरली, हे वाचून मला माझ्या 'भावकी'च्या रकान्याचं बरं वाटलं. आधी ते दोन हजार, मग ही कुटुंबं, मग आपापल्या धंद्याचे शब्द. वकिलीला जाणाऱ्यानं वकिलीचे, दवाखान्यात जाणाऱ्यानं दवाखान्याचे. ज्वारीची भाकरी नीट भाजता आली की पुढचं पक्वान्न बघावं.

संगतीचं तर पोरांना फार लवकर पटायचं. पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नसतो. चहा 'स्ट्राँग' असतो, 'हेवी' नसतो. का, ते विचारू नये. आपणही पाऊस 'पडतो' म्हणतो आणि वारा 'सुटतो' म्हणतो. 'कमिट' हा शब्द बहुतेक वेळा गुन्ह्याबरोबर नाही तर चुकीबरोबर दिसतो, वाईट संगतीचा. 'टेंडर' भाजीबाबत कोवळं, माणसाबाबत मायाळू आणि बांधकाम खात्यात निविदा. 'इंटरेस्ट' पुस्तकात असतो तेव्हा गोडी आणि सोसायटीत असतो तेव्हा व्याज. एका माणसाला घरात आण्णा म्हणतात, सोसायटीत सभासद आणि भाच्याच्या लग्नात मामा. माणूस एकच. आपण कुठं उभं राहून हाक मारतो त्यावर सगळं.

आणि विसरण्याचं म्हणाल तर शब्द हे रोपासारखं असतं. एकदाच घागरभर ओतून उपयोग नाही. लावला त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, असं वाढत्या अंतरानं थोडं थोडं पाणी घालावं लागतं. मी पोरांना चिठ्ठ्या करायला लावायचो. आला तो शब्द डाव्या खिशात, अडला तो उजव्या खिशात. उजवा खिसा रिकामा होईस्तोवर घरी जायचं नाही. ही युक्ती मला कुणी पुस्तकातून दिली नव्हती. ती कोपरीच्या खिशातली होती.

एकदा एका पोरानं विचारलं, "सर, इंग्रजीत आपलं काय आहे का?" मी त्याला डिक्शनरीत 'माँगूस' काढायला लावला. त्यापुढं मूळ भाषा लिहिली होती, मराठी. आपलं मुंगूस. आमच्या बांधावरून तुरुतुरु पळणारं ते जनावर पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन बसलं आहे. वर्गात एकदम हशा पिकला. पण त्या दिवसापासून त्या पोराचा आवाज इंग्रजी वाचताना चढला. परक्या गावात आपलं एक घर आहे म्हटल्यावर माणूस जरा सैल होऊन बसतो.

आण्णांचा तो खडा पडला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं, बाराव्या दिवशी. त्यांनी तो फडक्यात धरला, धुतला, आईच्या कुंकवाच्या जुन्या डबीत घातला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, "घे. तुझं क्यालक्युलस."

आण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. डबी अजून माझ्याकडं आहे. तिसरी वहीही आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिल्याच शब्दापुढं गाव, भावकी, संगत, कुणाकडं असे चारही रकाने भरलेले आहेत. चौथ्या रकान्यानंतर समासात मी तेव्हा बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती, ती पुढं कुठल्याच शब्दापुढं लिहिली नाही.

किंमत : दुसा खोंड, एक.